बिराप्पाचा तांब्या

बिराप्पाचं नाव कुणी काढलं की आजही माझ्या पोटात दुखतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं असं कबूल करू नये म्हणतात, पण लपवून तरी काय उपयोग? निम्म्या वडूजला ते ठाऊक आहे आणि उरलेल्या निम्म्याला माझी बायको सांगते.

मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी पास झालेला माणूस. गावाकडं कृष्णाकाठी उसाचं रान, दोन चुलते पलटणीत. थोरल्या भावाशी माझं पटेना म्हणून वडूजला आलो आणि पेठेत लालासाहेबांच्या कापडदुकानात लागलो. पहिल्या दिवशी काळा कोट घालून गेलो होतो. तो अडकवायला मालकांनी मला स्वतंत्र खुंटी दिली. दुकानात खुंटी फक्त मालकांना, लुगडी दाखवणाऱ्या म्हाताऱ्या नाथाजींना आणि मला. मला त्या खुंटीचा फार अभिमान होता.

बिराप्पाला खुंटी नव्हती. दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या वर्षी तो आला, तोही कापडाच्या गाठी उचलायला. म्हसवडच्या पलीकडचा धनगर. कळपात रोग शिरला, सगळी मेंढरं गेली, आणि हा तिशीतला दांडगा गडी खांद्यावर घोंगडं टाकून आमच्या दारात उभा राहिला. घोंगडं दाराच्या मागं टाकायचा आणि कामाला लागायचा. लिहिता येत नव्हतं. आकडे वीसपर्यंत, पुढं पुन्हा एकपासून. असा माणूस वर्षभरात माझ्या शेजारी धाकट्या गादीवर बसून खण दाखवायला लागला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी बायका पायरीवर उभ्या राहून विचारायला लागल्या, "बिराप्पा कुठं हाय?"

मी समोर बसलेलो असायचो. कोट खुंटीला, हात मांडीवर, तोंडावर हसू. आणि ह्या बायका माझ्या डोक्यावरून आत बघायच्या.

बरं, तो बोलायचा तरी गोड म्हणावं, तर तसंही नाही. दहा शब्दांत गिऱ्हाइक आटपायचा. पण बाई पायरी चढताना तिच्याकडं एकदा बघायचा आणि ढिगातून नेमका तिच्या मनातला खण ओढून पुढं टाकायचा. मी वीस घड्या मोडायचो आणि बाई म्हणायची, बघते पुढच्या बाजारी. माझ्या घरातही तेच. आमच्या चंद्राबाईनं दिवाळीचं लुगडं माझ्याकडून घेतलं नाही. म्हणाली, "तुमास्नी रंगातलं काय कळतं? बिराप्पा भावजींनी काढून दिलंय ह्ये." नवऱ्याच्या दुकानात जाऊन बायको दुसऱ्याच्या हातचं लुगडं नेसते, आणि वर ते तिला खुलून दिसतं. मी सणाच्या दिवशी धड जेवलो नाही.

त्याची आणखी एक गोष्ट मला सलायची. संध्याकाळी दुकान आवरताना मी कागद घेऊन ढीग मोजायचो. बिराप्पा नुसता ढिगांवरून हात फिरवत जायचा आणि म्हणायचा, "हितला एक न्हाई, जांभळ्या काठाचा." मी मोजायचो, एक कमी. कोणता, ते माझ्या कागदाला कळत नसे. त्याला विचारलं, हे कसं रं जमतं? तर म्हणाला, "आमी मेंढरं मोजत न्हाई गड्या, वळखतो. कुठलं आलं न्हाई ते त्येच्या जागंवर दिसतं." मी म्हटलं, थापा मारतोय. मनात मात्र जाणून होतो की थापा नव्हत्या.

लढाई वाढली तसं कापड नाहीसं झालं. त्यावर सरकारी कंट्रोल आला. चार महिन्यांनी एकदा गाठ यायची आणि पेठेत झुंबड उडायची. बायांची लुगडी फाटकं कापून, दंड घालून घालून इतकी जीर्ण झाली होती की काही बाया दिवसा पाण्याला बाहेर पडत नसत. मग चोऱ्या सुरू झाल्या. चोरी कसली, बाई चार खण बघते, तीन परत देते, चौथा ओटीत जातो. लुगड्याच्या ओटीत काय आहे हे पुरुषानं विचारायचं नसतं, हे त्यांनाही ठाऊक आणि आम्हालाही.

बिराप्पाला हे दिसायचं. ज्या क्षणी खण ओटीत जायचा त्या क्षणी त्याला कळायचं, त्याच्या मानेवरून मी ओळखायचो. पण तो बोलायचा नाही. बाई उठली की हाही उठायचा, दारातल्या माठातून तांब्या भरायचा आणि पायरीवर तिच्यापुढं धरायचा. "आक्का, उनाचं आलायसा, पाणी पिऊन जावा. आन् एखादी घडी हातात ऱ्हायली आसंल तर द्या, मी घालतो." एवढंच. आणि तो दुसरीकडं बघायचा. बाई पाणी प्यायची, पदराआडून खण त्याच्या हातात यायचा आणि ती निघून जायची. रस्त्यावरच्या माणसाला वाटावं, काय अगत्याचा दुकानदार!

दहातल्या आठ वेळा खण परत यायचा. उरलेल्या दोन वेळा बाई तांब्या नाकारून भराभरा चालायला लागायची, आणि बिराप्पा तिला जाऊ द्यायचा. गेला खण तो गेला. नवल म्हणजे पकडलेल्या बाया पुन्हा त्याच्याकडंच यायच्या, मोजून पैसे द्यायच्या आणि जाताना बहिणीलाही घेऊन यायच्या. चोरांनासुद्धा माझ्यापेक्षा तो बरा वाटत होता!

पंचेचाळीस सालच्या उन्हाळ्यात महिन्याभरात तीन खण आणि एक लुगडं गेलं. लालासाहेब मालक पेढीवरून खाली उतरले. आम्हा दोघांना समोर बसवलं.

"बिराप्पा, तुला दिसतं आन् तू सोडतोस. दारात आडवं हुबं ऱ्हायाचं, ओटी सोडाय लावायची. दोघी धरल्या की तिसरी यायची न्हाई."

बिराप्पा खाली बघून म्हणाला, "मालक, आमचं काम कापड दावायचं. बायामानसाची झडती घ्यायचं न्हवं."

"मग माझा माल कुणी राखायचा?"

"राखतो की. जेवढा राखता येतोय तेवढा. पर एखांदी खरी निघाली तर? कापड पुन्यांदा येतंय मालक. बाईची अब्रू कुठल्या गाठीतनं आणायची?"

मालकांचं तोंड लाल झालं. आता इथं एक सांगतो. दुकानात दोन गाद्या होत्या. आम्ही बसायचो ती धाकटी. थोरल्या गादीवर लुगडी, आणि तिथं नाथाजी. नाथाजींना मोतीबिंदू झाला होता, दसऱ्यानंतर ते घरी बसणार होते. थोरली गादी कुणाची, हे मालकांनी अजून सांगितलं नव्हतं. सगळी पेठ बिराप्पाचं नाव घेत होती. मला ती गादी हवी होती. जेवताना, झोपताना मला तीच दिसायची. आणि देवानं मालकांचं लाल तोंड माझ्यापुढं आणून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "मालक, मी उभा राहतो दारात. मला लाज नाही."

मालक हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी मी घरी जाताना शीळ घालत होतो.

तरी मन भरेना. मालकांनी खांद्यावर हात ठेवला खरा, पण संध्याकाळी विचारायचे बिराप्पालाच, "काय कमी हाय रं?" त्याची ती ओळखायची विद्या खोटी पाडली पाहिजे असं माझ्या डोक्यात बसलं. पुढच्या बाजारच्या दिवशी सकाळी, तो मागच्या खोलीत गाठ फोडत होता तेव्हा, मी ढिगातला एक हिरवा खण काढला आणि माझ्या कोटाच्या आतल्या खिशात घातला. घरी न्यायला नव्हे, शपथेवर सांगतो. संध्याकाळी त्यानं हात फिरवून "समदं हाय" म्हटलं की मी खण काढून मालकांपुढं टाकणार होतो. एवढाच खेळ. कोट खुंटीवर होता, खण कोटात.

बाजार भरला. अकराच्या सुमाराला एक पोरसवदा बाई आली, सुलाबाई तिचं नाव, हे पुढं कळलं. सातव्या महिन्याची गरोदर, पहिलटकरीण. नवरा रजा संपवून पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेलेला. सासरची माणसं बाळंतपणाला तिला माहेरी पाठवत होती. भाऊ गाडी घेऊन आला होता, तो बैलांना पाणी दाखवायला थांबला आणि ही आईला खण घ्यावा म्हणून आमच्या पायरीवर आली. तिनंही आधी आतच बघितलं, पण बिराप्पा गाठीपाशी होता. मी खण दाखवले. आठ-दहा बघितले. आईला मोरपंखी आवडतो म्हणाली, तो नव्हता. "ऱ्हाऊ द्या दादा," म्हणून ती उठली.

पेढीवरून मालकांची हाक आली. "मानसिंग, सकाळी हितं हिरवा खण व्हता. दिसंना त्यो?"

मी वळलो. बाई पायरी उतरत होती. तिची ओटी फुगलेली होती, आणि ओटीच्या निरीतून हिरव्या खणाचं एक टोक बाहेर आलं होतं.

आता मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतं, मलाही कळत होतं. "मालक, खण माझ्या कोटात आहे," एवढं एकच वाक्य. ते जिभेवर आलंही होतं. पण मग कोटात कशाला, कुणासाठी, कधीपासून, हे सगळं आलं. बिराप्पा आतून ऐकणार, आणि थोरली गादी त्याची होणार. गादी डोळ्यांपुढून गेली आणि ते वाक्य मी गिळलं.

"धर तिला!" मालक ओरडले.

मी जाऊन पायरीवर आडवा झालो.

"बाई, ओटी सोडा."

तिला आधी कळलंच नाही. मग तिचा हात पोटावर गेला. "दादा, भरली ओटी हाय. सासूबाईंनी घरातनं निघताना भरलीया. आईच्या देवाम्होरं ठेवायची हाय. वाटंत सोडत न्हाईत."

हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. सासरहून निघालेली ओटी माहेरच्या देवापुढं उतरायची, वाटेत भुईवर सांडायची नाही. पोटुशीची तर नाहीच नाही. मी म्हटलं, "सगळ्याच असं सांगतात." स्वतःचा आवाज मला मालकांसारखा वाटला, आणि खरं सांगतो, बरा वाटला.

बाजारची गर्दी. पन्नास माणसं जमली. कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, खरी असशील तर दाव की बाय. ती चहूकडं बघत होती, भाऊ कुठं दिसतो का म्हणून. मग तिचा चेहराच बदलला. रागानं म्हणा, लाजेनं म्हणा, दोन्ही हातांनी तिनं निरी खेचली.

"सोडू नका आक्का!" आतून बिराप्पा ओरडत आला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. तांदूळ पायरीवरून खाली सांडले. नारळ दोन पायऱ्या उड्या मारत गेला. हळकुंड, सुपारी, खारीक, आणि त्यावर हिरवा खण पडला, त्यावर सासूच्या बोटांचं हळदीकुंकू. काठ पिवळा. आमच्या खणाचा काठ तांबडा होता. ते मला न बघताच ठाऊक होतं.

हसणारे लोक आता चपला बघत होते. बिराप्पा पायरीवर बसला आणि एकेक दाणा वेचायला लागला. केवढा दांडगा माणूस, आणि नखांनी दाणे उचलत होता. मान वर न करता त्यानं शेजारच्या पानवाल्याला सांगितलं, "मानसिंगच्या घरी जा. वहिनीस्नी म्हणावं, तांदूळ घिऊन या. सवाशीण पायजे."

म्हणजे माझीच बायको. चंद्राबाई परकरातल्या पोरीसारखी धावत आली, एका नजरेत सगळं बघितलं आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. सुलाबाईला आत थोरल्या गादीवर बसवलं, कुंकू लावलं, नव्या तांदळानं ओटी भरली. तोच नारळ, तोच खण. मालक खाली आले आणि एक भारी खण पुढं केला. सुलाबाईनं त्याला हात लावला नाही. भाऊ आला, तिला घेऊन गेला. जाताना ती रडत नव्हती, हेच मला जास्त लागलं.

"मग आपला खण कुठं गेला?" मालक पुटपुटले.

बिराप्पानं ढिगांवरून नजर फिरवली. मग भिंतीकडं. त्याची नजर माझ्या खुंटीवर थांबली, कोटाच्या छातीवर फुगवटा दिसत होता. तो म्हणाला, "हितंच आसंल मालक. सांजच्याला घड्या घालताना घावंल."

दिवसभर मी कोटाजवळ गेलो नाही. दिवेलागणीच्या आधी मालक उठून गेले. मी कोट अंगात घातला आणि पायरीकडं निघालो. बिराप्पा दारात उभा होता. हातात भरलेला तांब्या.

"मानसिंग," तो म्हणाला, "दिसभर पाणी प्याला न्हाईस. पी. आन् एखादी घडी हातात ऱ्हायली आसंल तर दे, मी घालतो."

आणि तो दुसरीकडं बघायला लागला.

मी पाणी प्यालो. खण त्याच्या हातात दिला. त्यानं तो घडी करून त्याच्या जागेवर ठेवला, वरून हात फिरवला आणि म्हणाला, "समदं हाय."

त्यानं माझ्या थोबाडीत मारली असती तर मी त्याचा आयुष्यभर आभारी राहिलो असतो. घरी आलो तर चंद्राबाईनं ताट वाढलं आणि विचारलं, "बाईच्या ओटीला हात घालायचा पगार देत्यात व्हय तुमास्नी?" खरं तिला आजही ठाऊक नाही. बिराप्पानं कुणालाच सांगितलं नाही.

चार दिवसांनी मालकांनी हुकूम काढला, दारात आता बिराप्पानं उभं राहायचं. चुकलं तरी चालेल, पण वचक पाहिजे. बिराप्पा म्हणाला, "कापड दावीन मालक. दारात हुबा ऱ्हानार न्हाई." मालक म्हणाले, मग घरी बस. त्यानं दारामागचं घोंगडं उचललं, माठातून पाणी प्याला आणि गेला. मी तिथंच बसलो होतो. तोंड उघडलं असतं तर मी गेलो असतो आणि तो राहिला असता. दसऱ्यानंतर थोरली गादी मला मिळाली. मालक म्हणाले, "तू निदान दारात हुबा तरी ऱ्हायलास."

तीन वर्षं झाली. मी लुगडी दाखवतो. कुणी उचललं तर मी धरत नाही, तांब्याही भरत नाही. डोळे मिटून घेतो, आणि मालकांना वाटतं वचक बसला. बायका अजून पायरीवरून विचारतात, "बिराप्पा कुठं हाय?"

परवा सिद्धनाथाच्या रथाच्या जत्रेला चंद्राबाईनं मला म्हसवडला ओढून नेलं. देवळाबाहेर कडुलिंबाखाली घोंगडं अंथरून तो बसला होता. पुढं खणांचे ढीग, भोवती बायकांचं कडं. त्यात सुलाबाई होती, मांडीवर तीन वर्षांची पोर, हातात मोरपंखी खण. कुणी त्याच्यावर नजर ठेवून नव्हतं आणि त्याचीही कुणावर नव्हती. त्याला खुंटी नव्हती, गादी नव्हती, तरी मला वाटलं, ह्या माणसाकडं आहे ते सगळं माझं असायला हवं होतं. पोटात तीच जुनी कळ आली.

त्यानं मला बघितलं आणि हात वर केला. चंद्राबाई आधीच जाऊन बसली होती.

"ये मानसिंग, उनाचं आलाईस," तो म्हणाला. मडक्यातून तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला. "पाणी पी."

पुढचं वाक्य तो बोलला नाही. नुसता हसला, जुना सोबती भेटल्यासारखा. मी डाव्या हातानं तांब्या घेतला, आणि माझा उजवा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला. खिसा रिकामा होता, तरी मी तो दोनदा चाचपून पाहिला.